होडीच्या टाकीतील पाणी आणि धोरणातील हिशेब

पश्चिम किनाऱ्यावरील पावसाळी मासेमारीबंदी १ जूनला सुरू होते आणि ३१ जुलैला संपते. या ६१ दिवसांत यंत्र बसविलेल्या होड्या पुळणीवर ओढून, झापांनी शाकारून ठेवलेल्या असतात. ऑगस्ट उजाडला की झाप उतरतात, जाळी उन्हात पसरली जातात, नारळी पौर्णिमेचा नारळ समुद्राला दिला जातो आणि नव्या हंगामाच्या हिशेबाची पाटी कोरी होते. परंतु याच दिवसांत कोकणच्या किनाऱ्यावर आणखी एक दृश्य दिसते. लहान होडीच्या मागच्या फळीला अडकविलेल्या आउटबोर्ड इंजिनाची दोरी एक जण पुनःपुन्हा ओढीत असतो, दुसरा नळीतला रबरी फुगा दाबीत असतो, तिसरा प्लग काढून फडक्याने पुशीत असतो. आणि इंजिन काही केल्या सुरू होत नाही. क्वचित सुरू झालेच, तर दहा मिनिटे चालते आणि खाडीच्या तोंडाशी, जेथे लाट फुटते नेमक्या त्या ठिकाणी, गप्प होते.

अशा वेळी ‘इंजिन बिघडले’ असे म्हणण्याची पद्धत आहे. वस्तुतः इंजिन बहुधा शाबूत असते. बिघडलेले असते ते त्याला पाजलेले इंधन. टाकीत शिरलेले पाणी, दोन महिने साठून चिकट झालेले पेट्रोल, नळीत शिरलेली हवा, गाळणीत अडकलेला गाळ, या चार कारणांत आउटबोर्ड इंजिनांच्या तक्रारींचा फार मोठा भाग येऊन जातो. साहजिकच हा विषय मिस्त्रीच्या कक्षेतील आहे, वृत्तपत्राच्या अग्रपृष्ठांशी त्याचा काय संबंध, असा प्रश्न कोणी विचारील. संबंध आहे, कारण टाकीत काय ओतले जावे हे होडीवाला ठरवीत नाही. ते दिल्लीत ठरते, मोटारगाडी डोळ्यांसमोर ठेवून ठरते, आणि त्या निर्णयाच्या खर्चाचा एक हिस्सा पुळणीवर दोरी ओढणाऱ्या माणसाच्या वाट्याला येतो. हा हिस्सा कोणत्याही हिशेबात दिसत नाही, हा खरा प्रश्न आहे.

सात मुक्कामांचा प्रवास

प्रथम यंत्राची बाजू समजून घेतली पाहिजे. आउटबोर्ड इंजिनाची इंधनव्यवस्था फारशी गुंतागुंतीची नाही. होडीत ठेवलेली सुटी टाकी, तिच्यातून निघालेली रबरी नळी, नळीच्या मध्ये हाताने दाबायचा फुगा, नळीच्या टोकाचा जोड, गाळणी, इंजिनावरील छोटा पडद्याचा पंप आणि अखेरीस कार्ब्युरेटर, असा हा सात मुक्कामांचा प्रवास आहे. जाणता माणूस तपासणी टाकीपासून सुरू करतो. अर्धवट जाणकार थेट कार्ब्युरेटर उघडून बसतो आणि पुष्कळदा चालणारी वस्तू बिघडवून ठेवतो. स्वस्त आणि सोपे ते आधी, महाग आणि अवघड ते शेवटी, हा घरखर्चाचा नियम येथेही तंतोतंत लागू पडतो.

टाकीच्या झाकणावर हवा आत येण्यासाठी एक स्क्रू असतो. होडी हलविताना तो घट्ट केला जातो आणि निघताना सैल करावयाचा राहतो. इंधन उपसले जाते, त्याची जागा घ्यायला हवा येत नाही, टाकीत निर्वात निर्माण होते. इंजिन काही मिनिटे उत्तम चालते आणि मग श्वास कोंडल्यासारखे बंद पडते. झाकण सैल करताच हवा आत शिरल्याचा आवाज होतो आणि इंजिन पूर्ववत चालू लागते. एका स्क्रूच्या अर्ध्या फेऱ्याचा हा प्रश्न; परंतु तो न कळल्यामुळे सबंध दिवसाची मासेमारी बुडू शकते.

पुढचा साक्षीदार म्हणजे रबरी फुगा. त्याच्यावरील बाण इंजिनाच्या दिशेला असला पाहिजे, ही पहिली अट. तो कितीही दाबला तरी घट्ट होत नसेल, तर टाकीत इंधन नाही, किंवा चिरलेल्या नळीतून वा जोडाच्या झिजलेल्या रबरी कड्यातून हवा आत शिरते आहे, किंवा फुग्यातील झडपा निकामी झाल्या आहेत. फुगा चपटा होऊन तसाच राहत असेल, तर अडथळा त्याच्या मागे, म्हणजे टाकीच्या बाजूला आहे. फुगा दगडासारखा घट्ट होतो आणि तरीही इंजिन उपाशीच राहते, तर अडथळा पुढे, म्हणजे गाळणीत किंवा कार्ब्युरेटरच्या सुईत आहे. चालत्या इंजिनाला फुगा सतत दाबीत राहिल्यानेच जीव येत असेल, तर पंपाच्या पडद्याने मान टाकली आहे किंवा नळीत हवा शिरते आहे, असे समजावे. इंजिन केवळ चोक ओढल्यावरच चालत असेल, तर जुन्या पेट्रोलचा चिकट थर जेटच्या सूक्ष्म छिद्रात बसला आहे, हे जवळजवळ निश्चित. प्लगही पुष्कळ सांगतो: दोरी ओढून ओढून दमल्यावरही तो कोरडा निघाला, तर इंधन पोहोचतच नाही, ओला निघाला, तर इंधन पोहोचते आहे, दोष ठिणगीत किंवा इंधनाच्या प्रतीत शोधावा.

आणि प्रतीचा निर्णय करण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. कार्ब्युरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून आणि टाकीच्या तळातून थोडे इंधन काढून ते स्वच्छ काचेच्या बाटलीत घ्यावे, जवळपास विस्तव वा विडी नाही याची खात्री करावी आणि बाटली थोडा वेळ स्थिर ठेवावी. तळाशी वेगळा थर दिसला, तर इंजिनाला दोष देण्याचे कारण उरत नाही. इंजिन दोन स्ट्रोकचे असेल, तर तेलाचे प्रमाणही पाहावे. अनेक इंजिनांना पन्नास भाग पेट्रोलला एक भाग तेल, म्हणजे वीस लिटरला चारशे मिलिलिटर, असे प्रमाण लागते. बनावटीप्रमाणे ते बदलते. अंदाजाने ओतलेले तेल कमी पडले तर दट्ट्या जाम होतो, अधिक झाले तर प्लग काजळतो.

एवढे ज्ञान सहावीतल्या मुलालाही सांगता येण्याजोगे आहे. ते सर्वत्र पोहोचलेले नाही, हे पहिले दुर्दैव. परंतु ते पोहोचले तरी एक प्रश्न शिल्लक राहतो: बाटलीच्या तळाशी दिसणारा हा थर आला कोठून?

पाण्याशी सख्य ठेवणारे पेट्रोल

निव्वळ पेट्रोल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. पूर्वी टाकीत चमचाभर पाणी शिरले, तर ते तळाशी बसून राही आणि टाकी कलती करून काढून टाकता येई. इथेनॉलचे वागणे निराळे आहे. त्याचे पेट्रोलशीही सख्य आहे आणि पाण्याशीही. १० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल सामान्य तापमानाला शंभर लिटरमागे सुमारे अर्धा लिटर पाणी विरघळवून घेऊ शकते. तोपर्यंत डोळ्यांना काहीच दिसत नाही आणि पाणी वेगळे करणाऱ्या गाळणीलाही काही सापडत नाही. मर्यादा ओलांडली किंवा रात्री तापमान उतरले, की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडते आणि पाण्याला घेऊन तळाशी बसते. इंधन उपसणारी नळी टाकीच्या तळाशीच असल्यामुळे इंजिनाच्या तोंडी प्रथम तोच थर जातो. वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन घटलेला असतो. दोन स्ट्रोकच्या इंजिनात तर संकट दुहेरी असते. कारण मिसळलेले तेल वरच्या पेट्रोलच्या थरात राहते आणि खालचा थर वंगणाशिवाय इंजिनात शिरतो. एकदा वेगळे झालेले हे मिश्रण हलवून वा बाजारातील औषध टाकून पुन्हा भरवशाचे होत नाही. ते काढून टाकावे लागते.

इथेनॉल हे चांगले द्रावकही आहे. जुन्या टाकीच्या भिंतींना चिकटलेला गंज आणि राळ ते सुटी करते आणि गाळणीत आणून सोडते. जुन्या रबरी नळ्या आणि वायसर त्याच्या संगतीत फुगतात वा तडकतात. खाऱ्या हवेत आधीच गंजणाऱ्या धातूच्या भागांना ओलावा धरून ठेवणारे इंधन मानवत नाही.

येथे न्यायाची बाजूही नोंदविली पाहिजे. सर्व पाणी इथेनॉल हवेतून ओढून घेते, असा समज किनाऱ्यावर आढळतो. तो अतिशयोक्त आहे. बंद टाकीत हवेतून शोषले जाणारे पाणी थोडे आणि संथ असते. बहुतेक पाणी झाकणाच्या कुजलेल्या वायसरमधून, पावसातून, लाटांच्या तुषारांतून आणि अर्धवट सुकलेल्या कॅनमधून येते. शिवाय इथेनॉलचे प्रमाण २० टक्के झाल्यावर वेगळे होण्यापूर्वी अधिक पाणी सामावले जाते, हेही खरे. परंतु वेगळे होण्याची वेळ आलीच, तर तळाशी बसणारा थरही त्या मानाने मोठा असतो. म्हणजे इथेनॉलने होडीवाल्याच्या टाकीत पाणी आणले नाही. पूर्वी जे थोडे पाणी खपून जाई, ते आता खपत नाही, एवढाच त्याचा अर्थ. आणि एवढा अर्थ पुरेसा गंभीर आहे.

मोटारगाडी आणि होडी यांतील फरक येथे निर्णायक ठरतो. गाडीची टाकी बंदिस्त असते आणि आठ-पंधरा दिवसांत रिकामी होऊन पुन्हा भरते. होडीची सुटी टाकी उघड्यावर, खाऱ्या वाऱ्यात, लाटांच्या तुषारांत असते. आणि वर्षातील सर्वांत दमट दोन महिने ती कायद्यानेच निष्क्रिय असते. जे इंधन वेगाने वापरले जावे या गृहीतावर योजलेले आहे, ते जेथे सर्वांत अधिक काळ साठते, तेथेच ते सर्वांत अधिक दगा देते.

घाटावरचा ऊस, किनाऱ्यावरची होडी

इथेनॉलमिश्रणाचा आरंभ महाराष्ट्राला परका नाही. २००१ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर ५ टक्के मिश्रणाचे जे तीन प्रकल्प सुरू झाले, त्यांतील दोन मिरज आणि मनमाड येथील होते. २००३ पासून नऊ राज्ये आणि चार केंद्रशासित प्रदेशांत ते लागू करण्याचा कार्यक्रम आला. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २०३० पर्यंत २० टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवले; पुढे ते २०२५-२६ वर आणले गेले. २०२२ च्या जूनमध्ये १० टक्क्यांचा टप्पा गाठला गेला, फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्के मिश्रणाच्या विक्रीस प्रारंभ झाला आणि २०२५ मध्ये देशाने ते उद्दिष्ट गाठले.

या धोरणाचे लाभ खोटे नाहीत. आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक खनिज तेल आयात करणाऱ्या देशाने परकी चलन वाचविणे, साखरेच्या पडत्या भावात कारखान्यांना दुसरे उत्पन्न मिळवून देणे आणि त्यायोगे उसाची थकबाकी कमी करणे, ही सर्व उद्दिष्टे समर्थनीय आहेत. घाटावरील ऊस उत्पादकाच्या घरात आलेला पैसा हा खरा पैसा आहे. किनाऱ्यावरील मच्छीमाराने त्याचा हेवा करण्याचे कारण नाही, आणि तो करीतही नाही.

प्रश्न आहे तो हिशेबाचा. अर्थशास्त्रात ज्याला बाह्य परिणाम म्हणतात, त्याचे याहून सुबोध उदाहरण सापडणे कठीण. लाभ एकत्रित, मोठा आणि मोजलेला आहे; परकी चलनाच्या बचतीचे आकडे कोटींत जाहीर होतात. तोटा विखुरलेला, लहान आणि न मोजलेला आहे. येथे एक कार्ब्युरेटर साफ करण्याचा खर्च, तेथे एका पडद्याची किंमत, कोठे दोन दिवस बुडालेली मासेमारी. लहान होडीवर मिळालेल्या पैशातून साधारणतः आधी इंधनाचा खर्च वजा होतो आणि मग होडी, जाळे, इंजिन आणि माणसे यांचे वाटे पडतात. इंजिन बंद राहिलेल्या दिवशी खलाशाच्या वाट्याला भागाकारासाठी आकडाच नसतो. त्याचा दिवस बुडाल्याची नोंद कोणत्याही खात्यात होत नाही. आणि ज्याची नोंद नाही त्याचा खर्च शून्य धरला जातो.

शक्तीचाही हिशेब आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश उष्णता कमी असते. २० टक्के मिश्रणात ही घट सहा ते सात टक्क्यांच्या घरात जाते. वीस लिटरच्या टाकीतून जणू सव्वा लिटर इंधन कमी भरले, अशी ही स्थिती. विक्रीची किंमत मात्र त्या प्रमाणात उतरलेली नाही. रस्त्यावर इंधन संपले तर गाडी कडेला उभी करता येते. समुद्राला कडा नाही. अडचणीच्या प्रसंगी तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आहे. परंतु मोबाइलची कक्षा सुटलेल्या होडीला तो क्रमांक पाठ असून उपयोग नाही.

रॉकेलचा जुना धडा

इंधनाचे धोरण एकासाठी आखावे आणि त्याचा चटका दुसऱ्याला बसावा, हे प्रथमच घडते आहे असे नाही. केरळच्या किनाऱ्यावर गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात पारंपरिक होड्यांवर आउटबोर्ड इंजिने मोठ्या संख्येने आली. त्यांतील पुष्कळशी रॉकेलवर चालणारी होती: इंजिन पेट्रोलवर सुरू करावयाचे, तापले की रॉकेलवर न्यावयाचे आणि बंद करण्यापूर्वी पुन्हा पेट्रोलवर आणावयाचे, म्हणजे पुढच्या वेळी कार्ब्युरेटरमध्ये रॉकेल अडकून राहत नाही. स्वस्त रॉकेल हे या इंजिनांचे आर्थिक अधिष्ठान होते.

परंतु शिधापत्रिकेवरील निळे रॉकेल मुळात होडीसाठी नव्हतेच. ते कंदिलासाठी आणि स्टोव्हसाठी होते. वीज पोहोचली, २०१६ नंतर उज्ज्वला योजनेतून गॅसची जोडणी घरोघर गेली, तसतसा राज्यांचा रॉकेलचा कोटा कमी होत गेला आणि २०२० पर्यंत त्याच्या किमतीवरील अनुदानही संपले. स्वयंपाकघराच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच होता. धुरातून सुटका झालेल्या गृहिणीला त्याचे मोल विचारावे. परंतु होडीच्या इंजिनाला गॅसची शेगडी देऊन भागत नव्हते. दिवा आणि चूल डोळ्यांसमोर ठेवून घेतलेल्या निर्णयात होडी आपोआप भरडली गेली. आज मोटारगाडी डोळ्यांसमोर ठेवून घेतलेल्या निर्णयात तीच गोष्ट पेट्रोलच्या बाबतीत होत आहे. दोन्ही वेळा कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. दोन्ही वेळा होडीची आठवण कोणाला झाली नाही, एवढेच.

मोठ्या यांत्रिक नौकांची गोष्ट वेगळी आहे. त्या डिझेलवर चालतात. डिझेलवरील कराचा परतावा त्यांना मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत मिळण्याची व्यवस्था महाराष्ट्रात आहे. तिच्या विलंबाविषयी तक्रारी असतील, परंतु व्यवस्था आहे. पारंपरिक मच्छीमारांना समुद्रावर जाण्याच्या प्रशिक्षणाचीही तीच कथा. मत्स्यव्यवसाय विभागाच्या सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमाच्या नावातच ‘सागरी डिझेल इंजिन देखभाल’ असे शब्द आहेत. पेट्रोलवर चालणाऱ्या लहान इंजिनाला शासकीय शब्दकोशात अजून पुरेशी जागा मिळालेली नाही.

इतरांनी काय केले

अमेरिकेत १० टक्के मिश्रण सर्वत्र रुळलेले आहे. तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१० आणि २०११ मध्ये १५ टक्के मिश्रणाला मान्यता दिली, ती केवळ ठरावीक वर्षांनंतरच्या मोटारींसाठी. होड्या, मोटारसायकली आणि लहान यंत्रे यांत ते वापरण्यास मनाई केली गेली आणि तशा इशाऱ्याची पट्टी विक्रीच्या पंपावर लावणे बंधनकारक झाले. प्रमुख उत्पादकांच्या आउटबोर्ड इंजिनांबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकाही सामान्यतः १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असे सांगतात. तीच इंजिने आपल्या किनाऱ्यावर विकली जातात. परंतु पुस्तिका इंग्रजीत असते आणि पंपावर निवड नसते.

आपल्याकडेही हा विचार कोणाला सुचला नाही असे नव्हे. इथेनॉलमिश्रणाचा आराखडा २०२१ मध्ये नीती आयोगाने प्रसिद्ध केला. त्यात जुन्या वाहनांच्या संरक्षणासाठी १० टक्के मिश्रणाचे पेट्रोल २० टक्क्यांच्या जोडीला उपलब्ध ठेवावे, अशी शिफारस होती. प्रत्यक्षात ती मागे पडली. इथेनॉलरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. तिचा रोखही वाहनांवर होता. होडीची बाजू तेथेही मांडली गेली नाही.

काय करता येईल

प्रत्येक पेट्रोल पंपावर दोन प्रकारचे पेट्रोल ठेवणे खर्चाचे आहे, हा तेल कंपन्यांचा आक्षेप रास्त आहे. लहान होड्यांसाठी सबंध देशाची वितरणव्यवस्था बदलावी, असे कोणी म्हणणार नाही. परंतु किनाऱ्यावर अनेक बंदरांत मच्छीमार सहकारी संस्थांचे डिझेल पंप आज चालू आहेत. तेथे १० टक्के मिश्रणाचे पेट्रोल, नोंदणीकृत होड्यांपुरते आणि ठरावीक प्रमाणात, उपलब्ध करून देणे अशक्य नाही. गैरवापराची भीती डिझेलच्या परताव्यातही असते. म्हणून परतावा बंद होत नाही, तर नोंदवह्या ठेवल्या जातात. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्राने मत्स्यव्यवसायाला कृषीचा समकक्ष दर्जा दिला. शेतकऱ्याच्या पाण्याच्या पंपाला विजेचा वेगळा दर असणे आपण मान्य करतो. मग मच्छीमाराच्या इंजिनाला त्याच्या पोटाला मानवेल असे इंधन मिळावे, ही मागणी अवाजवी कशी?

दुसरे काम अधिक सोपे आहे. बंदीचे दोन महिने हे सक्तीच्या सुट्टीचे दिवस असतात. जुलैच्या उत्तरार्धात किनारी तालुक्यांतील औद्योगिक प्रशिक्षण संस्था, तंत्रनिकेतने आणि सहकारी संस्था यांनी इंजिन तपासणीची शिबिरे घेतली, तर हंगामाच्या पहिल्या दिवशी होणारी नाचक्की आणि त्याहून मोठा धोका टळेल. डिझेल इंजिनाच्या अभ्यासक्रमात आउटबोर्ड इंजिनाचा एक भाग जोडण्यास नवे खाते उघडावे लागत नाही. टाकी आणि इंजिन यांच्यामध्ये बसविण्याची, पाणी वेगळे करणारी गाळणी ही तुलनेने स्वस्त वस्तू आहे. विरघळलेले पाणी ती पकडत नसली तरी सुटे पाणी आणि गाळ अडविते. होड्यांसाठीच्या अनुदान योजनांत तिचा समावेश व्हावा.

शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना यात एक वेगळे काम आहे. मापाच्या काचपात्रात नव्वद मिलिलिटर पेट्रोल आणि दहा मिलिलिटर पाणी घालून हलविले आणि स्थिर ठेवले, तर इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरते. तळाचा थर दहा मिलिलिटरहून जेवढा वाढला, तेवढे साधारणपणे इथेनॉल. विस्तवापासून दूर, प्रयोगशाळेच्या शिस्तीत, शिक्षकांच्या देखत करण्याचा हा प्रयोग किनाऱ्यावरील प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात होऊ शकतो. रसायनशास्त्राचा एवढा उपयुक्त धडा पाठ्यपुस्तकात क्वचितच मिळेल, आणि त्याचा निष्कर्ष त्या वर्गातील मुलांच्या घरी त्याच संध्याकाळी कामी येईल.

मच्छीमारांच्या स्वतःच्या हातीही थोडे आहेच. बंदी लागण्यापूर्वी सुटी टाकी रिकामी करून कोरडी ठेवावी. तेल न मिसळलेले पेट्रोल असल्यास ते घरच्या दुचाकीत वापरावे. तेल मिसळलेले पेट्रोल मात्र चार स्ट्रोकच्या दुचाकीत घालू नये. कार्ब्युरेटरमधील इंधन काढून टाकावे. झाकणाचे वायसर आणि जोडाचे रबरी कडे दर हंगामाला बदलावे. नव्या हंगामाला नवे पेट्रोल घ्यावे आणि कॅनच्या तळाचे शेवटचे बोटभर इंधन टाकीत ओतण्याचा मोह आवरावा. ही काटकसर सर्वांत महाग पडते.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नोंद. प्रत्येक मच्छीमार सहकारी संस्थेने एक वही ठेवावी: कोणत्या तारखेला, कोणत्या होडीचे इंजिन, कोणत्या कारणाने बंद पडले, किती दिवस बुडाले, दुरुस्तीस किती लागले. एखाद्या कारकुनाचे आठवड्याचे अर्ध्या तासाचे हे काम आहे. तीन हंगामांच्या अशा नोंदी हाती असतील, तर शासनापुढे केवळ गाऱ्हाणे न्यावे लागणार नाही. आकडे नेता येतील. कदाचित त्या आकड्यांतून असेही निघेल की इथेनॉलपेक्षा कुजलेली वायसरे अधिक दोषी होती. तसे निघाले तरी लाभच आहे, कारण मग उपाय पुळणीवरच सापडेल.

स्वस्त इंधन, स्वदेशी इंधन, शेतकऱ्याचे हित, हे सर्व शब्द आदराचे आहेत. परंतु राष्ट्रीय बचतीचा जमाखर्च मांडताना खर्चाची बाजू अर्धवट भरून चालत नाही. खाडीच्या तोंडाशी इंजिन बंद पडलेल्या होडीतले दोन-तीन जीव हीसुद्धा त्या जमाखर्चातील एक नोंद आहे. ती लिहिली गेली, म्हणजे तिच्यावर उपाय शोधण्याची जबाबदारीही कोणावर तरी येईल. आणि तोपर्यंत प्रत्येक ऑगस्टमध्ये दोरी ओढणाऱ्या हातांनी तो खर्च एकट्याने सोसावा, हे न्यायाला धरून नाही.